अब्बांच्या चार उशा

“चार उशा घेऊन झोपला तर माणूस मरतो का?”

प्रश्न विचारून जेबा उभीच राहिली. अख्खा दहावीचा वर्ग खिदळला. आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंना हे विचारून दाखव, अशी पैज दामिनीने लावली होती. प्रश्न मात्र जेबाचा स्वतःचा होता.

बाई हसल्या नाहीत. “कोण घेते चार?”

“माझे अब्बा. गाद्या भरतात ना, उशांचा काय तोटा! आडवं झालं का छातीत जळते, घशात आंबट येते. मंग एक उशी वाढवतात.”

“अन् कमी होते?”

“अजून वाढते.”

बाईंनी फळ्यावर माणूस काढला. मान उशांवर, पोट दुमडलेलं.

“पोट असं दाबलं की आतलं आम्ल वर अन्ननलिकेत चढतं. रोज चढलं तर नळीला जखमा होतात, आवाज बसतो, खोकला जात नाही. उशा काढा. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावा, म्हणजे सगळं अंगच उतरतं राहील. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. पण छातीचं जळणं घरी बसून ठरवू नका. आधी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून घ्या.”

शाळा सुटल्यावर दामिनी म्हणाली, “जिंकली व तू. चाल, सोडा पाजतो.”

“सोडा नको. तुह्या घरी बांधकाम चालू आहे ना? दोन विटा दे.”

सायकलला विटा बांधून ती घरी आली तेव्हा अब्बा, जहीरभाई, दुकानात लाल साटीनची गादी टाचत बसले होते. कापसाचा भाव पडून शेतकऱ्यांचा हात आखडल्यापासून धामणगावात नवी गादी कोणी भरत नव्हतं. लोक जुनाच कापूस पिंजून नेत. या गादीत मात्र अब्बांनी निवडून ठेवलेला लांब धाग्याचा कापूस घातला होता. “तुह्या लग्नाची आहे,” असं अम्मीने सांगितलं तेव्हा जेबाला हसू आवरलं नव्हतं.

तिने बाईंचं सगळं सांगितलं. अब्बांची सुई चालूच होती.

“पोटातली हवा आहे ते. पट्टी काढली का डॉक्टर काही तरी सांगतेच.”

“बडे अब्बाही हवाच म्हणत होते,” आतल्या दारातून अम्मी हळूच बोलली.

सुई थांबली. अब्बांचे थोरले भाऊ मागच्या उन्हाळ्यात छाती धरूनच गेले होते.

जेबाने गादीकडे पाहिलं. अब्बांचे टाके एरवी निवांत, सारख्या अंतराचे असत. हे घाईचे होते, वेळ कमी उरल्यासारखे.

आत जाऊन तिने खाट उचलून विटा सरकवल्या, एकेक उशी आणून विक्रीच्या फळीवर ठेवली. चौथी त्या गादीच्याच लाल साटीनची निघाली. ती तिने क्षणभर छातीशी धरली आणि तीही फळीवर ठेवली.

“अब्बा, अम्मी, ऐका. उद्या मी शाळेत नाही जात. पहिल्या गाडीनं आपण तिघं राजापेठेतल्या दवाखान्यात जाऊन पट्टी काढून राहिलो. अन् हे गादी एखाद्या गिऱ्हाइकाले देऊन टाका. मले एवढ्यात नाही लागत. माहं शिक्षण झालं का दुसरी भरजा, तवाच्या ताज्या कापसाची. पण भरजा तुमीच.”