अंगावरचं दूध

कवळ्या बनवायच्या कारखान्यात तिच्या बोटांना तोड नव्हती. ती मेणात दात बसवायला लागली की मालक काम सोडून मागे येऊन उभा राहायचा. लग्न झालं आणि नेमका त्याच बोटांत संधिवात शिरला. पण सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला वेसण घातली होती. मूल हवं म्हटल्यावर त्यांनी आधीची गोळी बंद केली. "ही पोटातल्या बाळाला घातक," म्हणाल्या. काही महिने थांबायला लावून त्यांनी दुसरी गोळी सुरू केली. "ही गरोदरपणात चालते, अंगावर पाजतानाही चालते. फक्त मनाने बंद करू नका." ती गोळी घेतघेतच तिला मुलगा झाला, चांगला गुटगुटीत.

बाळंतपणाला सासू आली. सगळी हयात नर्स म्हणून काढलेली बाई. घरात पाऊल टाकलं आणि तिने आधी औषधांचा खण उपसला. आधीच्या गोळीचं उरलेलं पाकीट हाती लागलं. गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये, असं त्यावर स्वच्छ छापलेलं होतं.

"हे गिळून माझ्या नातवाला पाजतेस?"

"आई, ती जुनी आहे. आता दुसरी घेते मी. ती तेवढी कडक नाही."

"दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून वीट घालायची पोराच्या डोक्यात?" सासूने दोन्ही गोळ्या बेसिनमध्ये ओतल्या आणि वरून नळ सोडला.

नवरा मोटार शिकवायच्या शाळेत शिकवायला होता. तो सकाळी निघताना ती म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना एकदा विचार." संध्याकाळी बूट काढता काढता त्याने सांगितलं, "विचारलं. त्याही तेच म्हणाल्या. दूध तुटेपर्यंत थांब."

तिचा विश्वास बसला. डॉक्टरांचं म्हणणं म्हटल्यावर बोलायचं काय?

दुखणं आधी मनगटात आलं, मग बोटांत उतरलं. सकाळी मूठ वळेना, ब्लाउजची बटणं निघेनात. बाळ भुकेनं आकांत करायचं आणि ती दातांनी बटण ओढत बसायची. त्याला उचलायचं तर कोपरांच्या बेचक्यात धरून, लाकडाची मोळी उचलावी तसं.

सासू दारातून बघत होती. "पाडशील एखाद दिवशी," ती म्हणाली. "लुळ्या हातात पोर द्यायला मी काही वेडी नाही."

पाळणा सासूच्या खोलीत गेला. बाटली आली. पाजायला बाळ मागितलं की उत्तर यायचं, "आत्ता प्यायलाय, आत्ताच झोपलाय." छाती दगडासारखी व्हायची, कपडे भिजायचे, ती भिंतीकडे तोंड करून पडायची. मग हळूहळू भिजणंही थांबलं.

दूध आटल्याचं कळलं तेव्हा सासू बाटल्या उकळत होती. मागे वळूनही न बघता ती म्हणाली, "आता घे की तुझ्या गोळ्या. आता कोण अडवतंय?"

डॉक्टरीणबाईंनी तिचे हात आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. "बंद का केली?"

"तुम्हीच सांगितलंत ना, दूध तुटेपर्यंत."

"मी? तुमच्या मिस्टरांना मी फोनवर दोनदा बजावलं होतं. गोळी चालू ठेवा, बाळाला काही होत नाही."

सूज उतरेल, त्या म्हणाल्या. वाकलेली बोटं मात्र सरळ होतील असं सांगता येत नाही.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला विचारलं. तो टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाला, "तू काय, सोसून घेतेस. आईशी कोण वाद घालणार?" मग त्याने आवाज पुन्हा वाढवला.

सूज उतरली. उजव्या हाताची दोन बोटं तशीच राहिली. कारखान्यात मालकाने खुर्ची दिली, चहा मागवला, तोंडभर चौकशी केली आणि तिच्या टेबलावर दुसऱ्याच मुलीला बसवल्याचं सांगितलं. हवं तर खोकी भरायचं काम होतं.

त्याच दुपारी सासू अंघोळीला गेली असताना ती तिच्या खोलीत शिरली. पाळण्याच्या कठड्याला कोपर अडकवून, खांद्याने रेटत रेटत तिने पाळणा आपल्या खोलीत आणला आणि कडी लावली. बाळ जागं झालं. अनोळखी बाईकडे बघावं तसं त्याने तिच्याकडे बघितलं आणि टाहो फोडला. तिने जवळ घेतलं तर ते धनुष्यासारखं ताणलं गेलं, तिच्या छातीवर लाथा मारत दाराकडे हात पसरायला लागलं.

बाहेरून सासू दार ठोकत होती. "दे त्याला माझ्याकडे. रडून जीव जाईल त्याचा."

"रडू दे," ती आतून म्हणाली. "सोसून घेईल."

नवरा आला, त्याने समजावलं, मग शिव्या दिल्या. तिने कडी काढली नाही. बाळाचा आवाज बसला, उचक्या राहिल्या. तिने पाळण्यातली बाटली त्याच्या तोंडाशी धरली, त्याने मान फिरवली. कितीतरी वेळाने ते दमून झोपलं, पाळण्यात, तिच्याकडे पाठ करून. ती खाली फरशीवर बसून राहिली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.