लिफ्टला पंचवीसपैकी पंचवीस

अडतीस वर्षं लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या, पण तोंड वर करून कुणाला एक चूक सांगितली नाही, असे ते प्रूफवाले काका. अशा माणसाचं नाव सरकारी रुग्णालयाच्या चिठ्ठीत निघालं आणि ते 'नागरिक मूल्यमापक' झाले. छातीवर बिल्ला लागला. काकूंना भलताच आनंद झाला, कारण गुडघा त्यांचा होता.

शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले होते. "येत्या महिन्याभरात वाकायला लागला नाही, तर कायमचा ताठ राहील," डॉक्टरांनी बजावलं होतं. गुडघ्याचे व्यायाम दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट आठ महिने बंद.

"आता तुमच्या हातात आहे. लिहा ठणकावून!" काकू म्हणाल्या.

काकांनी फॉर्म उघडला. लिफ्टबद्दल पाच प्रश्न होते. स्वच्छ आहे का? दिवा लागतो का? आरसा? सूचना वाचता येतात का? कर्मचारी सौजन्याने वागतात का? आठ महिन्यांत कुणी पाऊल न ठेवल्याने आत देवघरासारखी स्वच्छता होती. लिफ्टमन तर झोपेतसुद्धा हसतमुख. पंचवीसपैकी पंचवीस गुण झाले.

"साहेब, लिफ्ट चालते का, हे विचारलेलंच नाही," काका चाचरत अधीक्षकांना म्हणाले.

"काका, प्रश्न वरून येतात. आपण फक्त उत्तरं द्यायची. अगदीच राहवत नसेल, तर खाली 'सूचना' म्हणून दोन ओळी आहेत."

त्या दोन ओळींत काकांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'लिफ्ट बंद असल्यामुळे गुडघ्याच्या रुग्णांना ताटकळावे लागते.' घरी येऊन रात्रभर तळमळले. 'ताटकळावे' जरा जास्तच झालं का?

प्रशासन मात्र तत्पर निघालं. चौथ्या दिवशी लिफ्टमध्ये खुर्ची आली. वर पाटी होती: 'नागरिकांच्या सूचनेवरून'.

काकूंनी पाटी वाचली, आत गेल्या आणि खुर्चीत बसल्या. "ती वरची व्यायामवाली मुलगी खाली येईल, तेव्हाच उठेन."

"अगं, लोक बघताहेत!"

"बघू देत. तुम्ही मूल्यमापन करा."

तासाभराने मुलगी नाइलाजाने खाली उतरली. जागा तिला एकदम पसंत पडली. वर दोन खोल्यांत मिळून एकच पंखा होता, इथे लिफ्टचा स्वतंत्र. मग ती रोज येऊ लागली. महिनाअखेरीस गुडघा अर्धा वाकला. राहिलेल्या अर्ध्यासाठी आणखी दीड महिना लागणार होता.

आणि नवा फॉर्म आला. पहिलाच प्रश्न, ठळक अक्षरात: 'लिफ्ट चालते का? हो / नाही.'

"तुमच्यासाठी खास वरून मागवून घेतला," अधीक्षक अभिमानाने म्हणाले. "फक्त 'नाही' लिहिलंत, की दुरुस्तीसाठी आजच कुलूप लागेल. सहा महिने धरून चला."

"आणि व्यायाम?"

"व्यायाम वरती. नियमच आहे तो."

काका लिफ्टच्या दारात उभे राहिले. आत काकू पाय लांब करून बसल्या होत्या आणि मुलगी आकडे मोजत होती.

"अहो, एवढं काय वाचताय?" काकूंनी विचारलं. काकांनी प्रश्न वाचून दाखवला. काकूंनी डोक्यावरच्या पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दिवा लागतो, पंखा फिरतो. आणखी काय चालायचं असतं लिफ्टचं?"

काकांनी 'हो'वर खूण केली. नेहमीपेक्षा ती जरा मोठीच झाली.

तेवढ्यात एक गृहस्थ म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन आले. जिन्याशी थबकून त्यांनी घाम पुसला. आईची नजर काकांच्या बिल्ल्यावर गेली.

"काय हो दादा, लिफ्ट चालत नाही वाटतं?"

काकांनी फॉर्म छातीशी धरला.

"चालते की," ते म्हणाले. "पण सध्या आत पेशंट आहे."

"असं होय!" म्हातारीचा जीव भांड्यात पडला. "मग उतरव रे मला. थांबू आपण."

आणि मायलेक पहिल्या पायरीवर वाट पाहत बसले.