रूपरावांचे गमबूट

"धरा नीट, रूपराव," डॉक्टर म्हणाले आणि पाच दिवसांच्या डुकराच्या पिल्लाचं पोट त्यांनी कात्रीनं उभं फाडलं.

रूपरावांनी चारही पाय दोन मुठींत धरले होते. पिल्लाची कातडी हाडांना चिकटली होती, डोळे आत गेले होते. आईला दूध नसेल असंच सगळ्यांना वाटलं होतं. डॉक्टरांनी जठर कापलं, तर आत दुधाचा घट्ट गोळा.

"पोट त भरलेलं हाये न सायेब. मंग हे उपाशी काऊन मेलं?"

धनंजय डॉक्टर सहा महिन्यांपूर्वी सोनझरीच्या जनावरांच्या दवाखान्यात रुजू झाले होते. माणूस हुशार होता, आणि समोरच्याच्या अडाणीपणाची त्यांना मजा वाटायची. त्यांनी आतडं उजेडात धरलं. ते इतकं पातळ झालं होतं की आतलं पिवळं पाणी बाहेरून दिसत होतं.

"आतड्याला आतून बारीक लव असते. तिथल्या पेशींच्या अंगावर, अगदी बाहेरच्या बाजूला, एक एन्झाइम असतं. दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करायचे, हे त्याचं काम. हा विषाणू, करोना म्हणतात या जातीला, नेमका त्यालाच धरून आत शिरतो. दोन-तीन वर्षांपूर्वीच कळलंय हे, परदेशात. शिरला की लव झडते. मग आईनं कितीही पाजा, पचत नाही. मोठी डुकरं चार दिवस हगतात आणि उठतात. पंधरा दिवसांच्या आतलं पिल्लू मात्र जातंच."

"म्हंजे जे पिलाले जगवते, त्यालेच धरून थो अंदर जाते?"

"शिकलात की."

"अन् येते कुठून?"

"विष्ठेतून. चिमूटभर पुरते, आणि या थंडीत विषाणू दिवसेंदिवस टिकतो." डॉक्टर बोलता बोलता थांबले आणि रूपरावांच्या पायांकडे पाहू लागले.

पायांत गमबूट होते. अकरा वर्षांपूर्वी सरकारनं दिलेले. रूपराव दवाखान्यात पट्टीबंधक होते, गाव त्यांना कंपाउंडर म्हणे. गावाबाहेर डुक्करवाल्यांची सहा घरं होती. आधीचे पट्टीबंधक तिथल्या कुंपणाबाहेरून औषधाची पुडी फेकत. डॉक्टर तर वस्तीत कधी गेलेच नाहीत. रूपराव मात्र चांगल्या शेतकरी घरचे असून गमबूट चढवून थेट चिखलात शिरत, पिल्लं हातांनी उचलत, आणि पंचफुलाच्या दारात बसून चहा पीत. ती एकटी बाई तीन डुकरिणींवर पोट भरायची. तिच्या घरच्या कपाला तोंड लावणारा गावातला हा एकच माणूस. घरी पत्नी यशोदाबाई त्यांना अंगणात आंघोळ केल्याशिवाय आत घेत नसत, त्याचासुद्धा त्यांना छुपा अभिमान होता. बढती नाही, शिक्षण नाही. आयुष्यात मिरवावं असं एवढंच होतं.

डॉक्टरांनी टेबलावरचं भेटींचं रजिस्टर ओढलं आणि लाल पेन्सिलीनं ओळी वाचल्या.

"सोमवारी वस्तीतल्या मोतीलालकडे आजारी पिल्लं पाहिलीत. तिथून प्रभाकरकडे. बुधवारी प्रभाकरकडं सुरू झालं. मग तुम्ही पंचफुलाकडं. शुक्रवारी तिची दोन्ही वेतं, सतरा पिल्लं. बघा ना, ज्या क्रमानं तुम्ही फिरलात त्याच क्रमानं रोग फिरलाय. एक्केचाळीस पिल्लं. तुम्ही इतके कामसू नसतात तर एका घरात थांबलं असतं."

पिल्लाचे पाय अजून रूपरावांच्या मुठींत होते.

"बाहेर बोलू नका," डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "वस्तीवाले तुमचे पाय मोडतील. आणि ते बूट फेका."

रूपरावांनी गमबूट दवाखान्यामागे खड्डा करून पुरले, वर चुना टाकला. ते परतले तोच दारातून पंचफुलाची शेजारीण आनंदाबाई ओरडली, "रूपरावभाऊ, चांदी अडली! पंचफुलानं बलावलं, लवकर चाला."

चांदी ही पंचफुलाची तिसरी डुकरीण. गाभण म्हणून तिनं तिला आठवडाभर नाल्याकडच्या वेगळ्या खोपटात ठेवलं होतं, आणि तिथं रूपरावांचे पाय अजून लागले नव्हते. यंदा पंचफुलाकडे उरलं होतं ते एवढंच वेत.

रूपराव चपला घालून धावत गेले आणि कुंपणापाशी थांबले. अंगात अजून मेलेल्या पिल्लाची घाण लागलेलेच कपडे होते.

"या ना भाऊ अंदर," खोपटातून पंचफुला म्हणाली. "सकायपासून कन्हून राह्यली थे."

"मी इथूनच सांगतो. साबनानं कोपरापर्यंत हात धू. तेल लाव."

"मी? मले काय समजते त्यातलं?"

"मी सांगतो तसं कर."

तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग हात धुतले. चांदी किंचाळली.

"काय लागते? डोक्सं का पाय?"

"शेपूट लागून राह्यली."

"पिलाले मांगं लोट. हळू. मांगचे दोनी पाय धर. तिनं जोर केला का मंगच वढ."

तासभर ते कुंपणाची तार धरून उभे होते. जे त्यांच्या हातांनी दहा मिनिटांत केलं असतं, ते दुसरीच्या हातांनी करून घेत होते. तारेनं तळवा सोलला तेही त्यांना कळलं नाही. अडलेलं पिल्लू मेलेलं निघालं. त्याच्यामागून नऊ आली, एकामागून एक, ओली आणि जिवंत.

"खोपटात कोनाले येऊ नको देजो," ते म्हणाले. "तिकडल्या डुकराइत जाऊन आली का पाय फिनाइलनं धुजो. पंधरा दिवस."

पंचफुला हात पुसत कुंपणापाशी आली. "भाऊ, काऊन आले नाई अंदर?"

"पंचफुला, माह्या बुटानं..."

"बूट तुमी घालूनच नाई आले. मले दिसलं. अंदर याचंच नोतं तुमाले."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते सांगितलं असतं तर तिची सतरा पिल्लं कुणी मारली तेही सांगावं लागलं असतं. पिल्लं मारणारा म्हणवून घेण्यापेक्षा शिवाशिव पाळणारा म्हणवून घेणं रूपरावांना सोपं वाटलं. गावात तशी माणसं पुष्कळ होती. त्यांत एक वाढला.

त्यांनी मान खाली घातली. तिला उत्तर मिळालं.

ती घरात गेली आणि निळ्या काठाचा, कानतुटका कप घेऊन आली. अकरा वर्षं त्यांना चहा त्यातच मिळत होता. तिनं तो कुंपणाच्या खांबावर उलटा ठेवला.

"आता इथंच देत जाईन," ती म्हणाली. "बाकीचेबी कुंपनाबाहेरच उभे राह्यतेत."

नऊच्या नऊ पिल्लं जगली. साथ आटोक्यात आणल्याबद्दल धनंजय डॉक्टरांना वर्ध्याच्या जिल्हा कार्यालयातून अभिनंदनाचं पत्र आलं. त्यानंतर वस्तीत रूपरावांना कुणी बोलावलं तर ते कुंपणाबाहेरून पुडी देत, आणि लोक ती न बोलता घेत. निवृत्त होईपर्यंत सायकलवरून जाताना ते खांबाकडे पाहत. पंचफुला दर आठवड्याला कप धुऊन परत तिथंच उलटा ठेवत असे, पण चहा प्यायला ते थांबले नाहीत.