पी-टीचे शब्द

नटराजरावांच्या घरी त्या मंगळवारचा शब्द होता टोसिस.

निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नाहीतर कोर्टात. नटराजराव तार खात्यातून निवृत्त झाले आणि इंग्रजी शब्दांत गेले. तेही सरसकट नव्हे. 'पी' आणि 'टी' ही अक्षरं शेजारी घेऊन सुरू होणारे, आणि त्यातल्या 'पी'चा उच्चार न होणारे, एवढेच शब्द त्यांना चालत. असे शब्द आहेत तरी किती, हा प्रश्न तंजावुरात दुसऱ्या कोणाला पडल्याचं ऐकिवात नाही. तीन वर्षांत त्यांनी एकोणतीस जमवले होते. टार्मिगन म्हणजे हिवाळ्यात पांढरा होणारा डोंगरी पक्षी. टिसान म्हणजे जवाचं पाणी. टोमेन म्हणजे कुजक्या अन्नातलं विष. हा शब्द त्यांनी नेमका जेवताना सांगितला आणि त्यांच्या पत्नी राजलक्ष्मीबाईंनी दोन दिवस रसम केलं नाही.

खेळाचे नियम पक्के होते. भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडायचं आणि त्याच्या पाठीवर शब्द तमिळ अक्षरांत लिहायचा, कारण इंग्रजीत लिहिला तर 'पी' दिसला असता. घरात बोलणं मराठी आणि लिहिणं तमिळ, हे तंजावुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या या मराठी घराला नवीन नव्हतंच. देवनागरी तिघांत एकट्या अखिलाला येई, तीही पुस्तकांपुरती. अखिला त्यांची मुलगी, चाळिशीतली, एका कॉलेजात ग्रंथपाल. तिनं कॉफी संपायच्या आत स्पेलिंग आणि अर्थ सांगायचा. दहापैकी मार्क. साडेआठच्या लायकीच्या मुलीला दहा देऊन बिघडवलं, असं राजलक्ष्मीबाई म्हणत.

तर मंगळवारी सकाळी अखिलानं पान वाचलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, "पी-टी-ओ-एस-आय-एस. पापणी खाली पडणं."

"बरोबर," नटराजराव म्हणाले. मग स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बोट केलं. "बघ गे, उदाहरणासकट."

पापणी खरोखरच अर्ध्यावर आली होती. अखिला हसली. टार्मिगनच्या दिवशी ते डोक्यावर पांढरा पंचा घेऊन तासभर बसले होते, त्यामानानं हे सोपं होतं. अप्पा, नाटकाला मार्क नाहीत, असं काहीतरी ती म्हणाली. पान त्यांनी दुमडून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि डोकं जड वाटतंय म्हणाले. ती म्हणाली, डिक्शनरी जरा दूर धरून वाचत जा. बस यायची वेळ झाली होती.

पावणेबाराला ते न्हाणीघराच्या दारात पडले. दुपारी तीनला गेले. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं इस्पितळातल्या डॉक्टरनं सांगितलं, आणि फॉर्म भरता भरता विचारलं की आधी काही जाणवलं होतं का. डोकेदुखी, डोळ्याची पापणी पडणं वगैरे. राजलक्ष्मीबाई म्हणाल्या, काही नाही. डॉक्टरनं अखिलाकडे पाहिलं. तिच्या हातात फाइल होती. तिनं फाइल दुसऱ्या हातात घेतली, आणि डॉक्टरनं 'काही नाही' असं लिहिलं.

दहावा झाल्यावर कपडे वाटायला काढले, तेव्हा खिशातलं पान राजलक्ष्मीबाईंना सापडलं.

आता तमिळमध्ये 'ट' आणि 'ड' यांना अक्षर एकच. अखिलानं जिथं टोसिस वाचलं, तिथं तिच्या आईनं डोसिस वाचलं. डोसिस म्हणजे औषधाचे डोस. नवऱ्याची रक्तदाबाची गोळी रोज त्या देत, आणि सोमवारी मीटर बघायला माणूस आला त्या गडबडीत ती राहिली होती. एवढं त्यांना पुरलं.

"मज बोलले नाहीत," त्या येईल त्याला सांगू लागल्या. "लिहून ठेवलं आणि गेले. मी मारलं त्यांस."

पाहुणे नाही नाही म्हणत आणि कॉफी घेत. ओरत्तनाडूच्या मामेबहिणीनं तर, लिहून ठेवलं म्हणजे राग नव्हता, असं समजावलं, त्यानं उलट जास्त रडू आलं. बाईंनी कॉफी सोडली, मग रात्रीचं जेवण. पान देवघरात कुंकवाच्या करंड्याखाली गेलं.

अखिलानं जे करता येईल ते केलं. एका गोळीनं असं होत नाही हे छापलेलं दाखवलं. आई म्हणाली, छापणाऱ्यास काय ठाऊक. दुसऱ्या डॉक्टरकडून फोनवर वदवून घेतलं. आई म्हणाली, तू सांगितलंस म्हणून तो बोलला. खरं कारण आपल्याजवळ आहे आणि आपण सोडून बाकी सगळीकडून कारणं गोळा करतो आहोत, हे अखिलाला दिसत होतं. भरपूर वाचन असलेल्या माणसाला असं बरंच काही दिसतं, उपयोग होतोच असं नाही.

विसाव्या दिवशी आईनं सकाळचा उपमाही बाजूला सारला. अखिला म्हणाली, "आई, तो डोसिस नाही. आमच्या खेळातला शब्द आहे तो. टोसिस."

"खेळ तुझ्याशीच खेळत," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "मग सांग. अर्थ काय?"

अखिलानं आधी स्पेलिंग सांगितलं. सहाही अक्षरं, सावकाश. आई वाट बघत राहिली.

"पापणी खाली पडणं," अखिला म्हणाली. "अप्पांची डावी पडली होती. सकाळी मला दाखवली त्यांनी, डोकं जड झालंय म्हणाले. मी हसले आणि बस गाठली. डॉक्टरनं विचारलं तेव्हा तुला ठाऊक नव्हतं, आई. मला ठाऊक होतं."