गाठ मारलेली लव्हाळी

"आत्या, सही कर आणि मोकळी हो," तळ्यावरचा पहारेकरी हळूच म्हणाला. तिच्या सख्ख्या भावाचा मुलगा. काल तळ्यात कापणी करताना तिला पकडलं होतं तेही यानंच.

आत्याने टेबलावरचा कागद पुन्हा वाचला. 'मी गुन्हा कबूल करते. यापुढे तळ्यात पाऊल ठेवणार नाही.' कोपऱ्यात जप्त केलेले विळे चिठ्ठ्या बांधून पडले होते. तिचा सगळ्यात वर. दोन वर्षांपूर्वी तळं पक्ष्यांसाठी राखीव झालं, लव्हाळी कापायला बंदी आली आणि गल्लीतले लव्हाळीच्या चटयांचे माग एकेक करत थांबले. बाकीच्या बायकांनी सह्या केल्या होत्या. आता त्या वीटभट्टीवर जात. आत्याचा माग तेवढा चालू होता.

टेबलामागे बसलेला वनखात्याचा साहेब वाईट माणूस नव्हता. टेबलाच्या काचेखाली त्याने स्वतः काढलेले बदकांचे फोटो होते. दरवर्षी पक्षी कमी होत चालले होते आणि ते त्याच्या मनाला लागत होतं.

"आणि हे काय?" त्याने पिशवीतून लव्हाळीचा झुबका काढला. शेंड्यांना घट्ट गाठ होती. "अशा नऊ गाठी दिसल्या. प्रत्येकीखाली घरटं. अंडी चोरायची खूण ना ही?"

आत्याला हसू फुटलं. मग एकदम थांबलं.

"ही कापून आणलीत?"

"पुरावा आहे."

"म्हणजे घरटं उघडं पाडलंत, साहेब!"

चटईवाल्यांची रीत अगदी सोपी होती. कापता कापता घरटं दिसलं की भोवतीच्या लव्हाळीचे शेंडे एकत्र धरायचे आणि गाठ मारायची. मागून येणारीने तेवढा झुबका सोडून पुढे जायचं. पिल्लं उडाल्याशिवाय गाठ सुटायची नाही. मुलीच्या हातात विळा द्यायच्या आधी आई तिला ही गाठ शिकवायची.

आत्याने हे सगळं सांगितलं, वर म्हणाली, "आम्ही कापायचो म्हणून पाणी मोकळं राहायचं. आता तळं गच्च भरलंय. बदकांनी उतरायचं कुठं, तुमच्या टेबलावर? खोटं वाटत असेल तर याला विचारा."

पहारेकरी बुटांकडे बघत राहिला.

"बोल की रे! गाठ कुणी शिकवली तुला? बूट चढले आणि वाचा बसली?"

"आत्यानंच, साहेब," तो पुटपुटला.

साहेबाने फोटोंवरून बोट फिरवलं. क्षणभर वाटलं, तळं बघायला उठेल. पण त्याने पेन पुढे सरकवलं. "असेलही. पण नियम तो नियम. सही करा."

आत्याने पेन घेतलं. दोन्ही वाक्यांवर मागाच्या दोऱ्यासारखी सरळ रेघ ओढली आणि खाली लिहिलं, 'लव्हाळी मी कापली. उद्याही कापणार. गाठ असेल तेवढी सोडून.' मग ठसठशीत सही केली.

"खटला होईल. समन्स घरी येईल."

"होऊ दे. न्यायाधीश तरी तळं बघायला येतील. तुम्ही तर खुर्चीतून उठत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांकडून उसना विळा घेऊन ती तळ्यावर पोचली. मागे चाहूल लागली म्हणून वळून पाहिलं, तर गल्लीतल्या चौघीजणी.

"तुम्ही सह्या केल्यात ना गं?"

"केल्यात की. हात नाही बांधून दिले," त्यातली थोरली म्हणाली आणि पदर खोचून पाण्यात उतरली.

काठावर पहारेकरी वही घेऊन उभा होता. "नावं लिहावी लागतील, आत्या."

"लिही. माझं पहिलं. आणि काना-मात्रा नीट दे."

त्याने पाचही नावं लिहिली. वही मिटली, तरी तो जागचा हलेना. शेवटी त्याने काठीने डावीकडे दाखवलं. "तिथं आहे ते घरटं. साहेबांनी सांगितलं, पण गाठ कापली मीच."

उन्हात तीन अंडी उघडी पडली होती. पलीकडे पाण्यात मादी घिरट्या घालत होती. आत्याने आजूबाजूची लांब लव्हाळी वाकवून घरट्यावर आणली, शेंडे मुठीत धरले आणि गाठ आवळली.

"साहेबांना सांग," ती विळा उचलत म्हणाली, "पुरावा होता तिथं परत ठेवलाय. बघायचा असेल तर पाण्यात उतरा म्हणावं."

आणि तेवढा झुबका सोडून तिने पुढची ओळ कापायला घेतली.