हसनाबादची दुपार

कशफला आमच्या डेअरीत येऊन आठच दिवस झाल्ते, आन् तिनं माझं अकरा वर्षांचं काम बारा ओळीत उरकलं. खोटं कशाला बोलू, आधी माझा तिळपापड झाला.

माझं काम म्हंजे रोज सकाळी जालन्यातून बावीस दूध संकलन केंद्रांना फोन लावायचा. "कॉम्प्युटर चालू हाय का?" समोरून येणार, "चालू हाय पुंजारामसाहेब, बराबर हाय." दुपारी साडेबाराला ऑफिसचं मशीन सकाळच्या दुधाची माहिती ओढून घेतं. तवा हसनाबाद रोज गायब! केंद्र चालवणारी नंदाबाई. सकाळी म्हणती चालू, आन् दुपारी बंद. म्याच आमच्या मालकांना, इजहारभाईंना सांगितलं, बाई आळशी हाय, थापा मारती. त्यांनी ठरवलं, सोमवारी केंद्राला कुलूप. चाळीस घरचं दूध तिथं येतं, पण मी म्हणलं, मला काय त्याचं.

कशफची स्क्रिप्ट, म्हंजे तिनं लिहिलेला बारा ओळींचा प्रोग्राम, दर पाच मिनिटाला बावीस कॉम्प्युटरला एकच विचारती, "आहेस का?" उत्तर आलं तर हिरवा ठिपका, न्हाई आलं तर लाल. ना साहेब, ना रामराम.

शनिवारी तिनं मला स्क्रीनपुढं बसवलं. "चाचा, बघा. हसनाबाद दिवसभर हिरवं. फक्त बारा ते दोन लाल, रोज. आळशी माणूस इतकं टायमावर असतंय का?"

"लाईट जात असंल."

"इन्व्हर्टर हाय ना तिथं. तुम्हीच बसवला."

तिनं फोन लावून स्पीकरवर टाकला. "नंदामावशी, रागवायला फोन न्हाई केला. बारा वाजता कॉम्प्युटर बंद का करता?"

"अगं, विहिरीवरच्या मोटारीला दुपारी आराम देतो का न्हाई आपण? तसंच. इथं पत्र्याखाली लई तापतंय. पुंजारामभाऊच म्हणले होते कॉम्प्युटर बसवताना, गरम झाला तर बंद कर, जळला तर तुझी जबाबदारी. दोन वर्षं झाली, एक दिवस चुकले न्हाई मी."

"मंग चाचांना चालू हाय म्हणता ते?"

"सकाळी फोन येतो तवा चालूच असतो की!"

बाई एकदाबी खोटं बोलली नव्हती. म्याच दुपारी कधी विचारलं न्हाई. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आन् ही पोरगी! "चाचा, तुमची चूक" असं एका शब्दानं बोलली न्हाई. तिच्या जागी मी असतो तर ऑफिसभर बोंब मारली असती. काय पोरगी हाय, राव! मनातल्या मनात हात जोडले तिला.

तसाच उठून केबिनमधी गेलो. "भाई, कुलूप राहू द्या. चूक माझी हाय." भाईंनी जे सुनावलं ते इथं सांगत न्हाई.

सोमवारी घरचा टेबलफॅन घेऊन हसनाबादला गेलो. कॉम्प्युटरकडं तोंड करून लावला. बारा वाजले तसा नंदाबाईचा हात सवयीनं बटनाकडं गेला.

"राहू द्या, बाई. चालू राहू द्या."

"आन् जळला म्हंजे?"

"जळला तर माझी जबाबदारी."

साडेबाराला कशफचा फोन आला, "चाचा, हिरवं हाय."