रकान्यातली मुलगी

बिट्टीला ऑटिझम आहे हे ऐकून शाळेच्या मोठ्या बाईंना कोण आनंद झाला. "अहो, आम्हाला अशी एक मुलगी हवीच होती!" त्या तिच्या आईला म्हणाल्या. तपासणीच्या अर्जात 'विशेष मुले किती?' असा रकाना होता आणि तो तीन वर्षं रिकामा जात होता.

आई शिवणकाम करायची. आठ वर्षांच्या लेकीसाठी तिने चार शाळांचे उंबरठे झिजवले होते. कुणी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणालं, कुणी 'जरा धाक दाखवा' असा फुकटचा सल्ला दिला. त्यामुळे या शाळेने 'शांत खोली' काढायचं ठरवलं, तेव्हा तिने बारा उशांचे अभ्रे हौसेने शिवून दिले. बिट्टीच्या गळ्यात कार्ड आलं: 'आवाज सहन झाला नाही तर शांत खोलीत जा.'

बिट्टी नियमाची पक्की. वर्गात कलकलाट झाला की ती तडक तिथे जायची आणि कुलूप बघून परत यायची.

"तपासणीआधी उशा मळतील ना," मोठ्या बाई म्हणाल्या.

तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "उद्या बिट्टीला घरीच ठेवा हं. समावेशक शिक्षणाची तपासणी आहे, उगाच गडबड नको."

"मग तपासणार कुणाला?"

"फाइल आहे ना!"

प्रवेश हातचा जाईल या भीतीने आईने होकार दिला. लेकीला म्हणाली, "उद्या सुट्टी."

बिट्टीने वेळापत्रक आणून समोर धरलं. "उद्या मंगळवार. मंगळवारी शाळा असते."

सकाळी आई लेकीचा हात धरून शाळेत निघाली.

फाटकात पाहुण्यांच्या स्वागताला बँड दणाणत होता. बिट्टीने कान दाबले आणि धूम ठोकली. आई मागोमाग धावली. बिट्टी शांत खोलीचं दार ढकलत असतानाच तपासणीला आलेले साहेब, मोठ्या बाई आणि पाच-सहा शिक्षक तिथे पोचले.

"बंद आहे का?" साहेबांनी विचारलं.

"आजच कुलूप जरा अडकलंय," मोठ्या बाई हसल्या.

"आजच नाही. रोज बंद असते," बिट्टी म्हणाली. तक्रार नव्हती ती, चूक सुधारली होती फक्त.

आता मात्र आईने विचारलंच, "किल्ली कुणाकडे आहे?"

किल्ली क्लार्ककडे होती आणि क्लार्क ढोल बडवत होता. त्याला बोलवायला बँड थांबवावा लागला. दार उघडताच बिट्टी आत शिरली आणि उशांच्या ढिगात गडप झाली.

साहेबांचेही कान बधिर झाले होते. "मी बसू का जरा?"

"बसा. बोलायचं नाही," आतून उत्तर आलं.

साहेब पाऊण तास बसले. मोठ्या बाईंचं भाषण राहूनच गेलं. अहवालात शेरा पडला: 'शांत खोली उत्तम. वापरात असल्याचे प्रत्यक्ष पाहिले.' शाळेला पहिला क्रमांक मिळाला. आईने त्याच दिवशी सगळ्यांदेखत कुलूप कायमचं काढायला सांगितलं.

आता बिट्टी तिथे रोज जाते. मधल्या सुट्टीत गणिताचे सरही उशीला टेकून डोळे मिटतात. परवा मोठ्या बाई आत फोनवर बोलायला लागल्या, तर बिट्टीने त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. लगेच आईला बोलावणं गेलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे तिचं," म्हणाली, आणि कामाला निघून गेली.